अडीच-तीन वर्षांच्या मुलांना खेळता खेळता रंग कसे शिकवता?

भांडुपची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगा आता तीनचा होईल. बोलायला एकदम पटाईत, गाणी म्हणतो, शेजारच्या काकूंना फोनवर काय बोललो ते सगळं जाऊन सांगतो, पण रंगांपाशी गाडं अडलंय. काहीही दाखवा, उत्तर एकच, "निळा". टोमॅटो निळा, बेस्टची बस निळी, आजोबांचं टक्कलसुद्धा निळं. परवा प्लेस्कूलच्या मिसनी गेटवर थांबवून सांगितलं की बाकीच्यांना सात-आठ रंग येतात, तुम्ही घरी काही घेत नाही का, नर्सरीला ॲडमिशन घेताना विचारतात म्हणे. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फ्लॅशकार्ड आणली, रंगांची गाणी लावली, गाणं पाठ झालं पण रंग जिथल्या तिथेच. वन रूम किचन आहे, मी आणि नवरा दोघंही सकाळची लोकल पकडतो, दिवसभर सासूबाई सांभाळतात. तर असे खेळ सांगा जे आजीला बसल्या बसल्या जमतील, पसारा फार नको, मोबाईल तर अजिबात नको. आणि तिसऱ्या वर्षी रंग यायलाच हवेत का हो? काळजी करण्यासारखं आहे का?

दोन_मुलांचा_बाप:
काळजी नको. आमची मोठी चार वर्षांची होईपर्यंत लाल आणि केशरीला एकच म्हणायची, आता चित्रकलेत बक्षिसं आणते. धाकट्याला मात्र दोन वर्षांतच सगळे रंग यायचे. घर तेच, आईबाप तेच. ज्याचं त्याचं घड्याळ वेगळं.

चिऊताई:
आजोबांचं टक्कल निळं 😂 ऑफिसात एकटीच हसतेय, सगळे बघतायत. आमच्याकडे सगळं "पिंक" होतं, वरणसुद्धा.

बालवाडीवाली:
ताई, आधी एक करा, "हा कोणता रंग, सांग बरं" हे विचारणं काही दिवस बंद करा. घरातलं प्रत्येक माणूस, आलेला पाहुणा, लिफ्टमधले काका, सगळे मुलाला हेच विचारतात आणि त्याला ती परीक्षा वाटते. मग तो एक ठरलेलं उत्तर देऊन मोकळा होतो. तुमच्याकडे ते निळा आहे.

मी परळला चाळीतल्या खोलीत बालवाडी घेते, बरीच वर्षं झाली. रंग एकदम येत नाहीत, पायरीपायरीने येतात. आधी जोडी लावता येते, म्हणजे नाव माहीत नसलं तरी लालाशेजारी लाल ठेवतं मूल. मग नाव ऐकून उचलता येतं, "पिवळा दे" म्हटलं की पिवळा देतं. आणि सगळ्यात शेवटी स्वतःहून नाव सांगतं. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर जातो आणि मग म्हणतो याला काही येत नाही.

माँटेसरीच्या रंगांच्या पेट्या बघितल्यात का कुणी? पहिल्या पेटीत फक्त लाल, पिवळा, निळा, प्रत्येकाच्या दोन पट्ट्या, अशा ६. दुसरीत ११ रंगांच्या जोड्या. तिसरीत ९ रंगांच्या ७-७ छटा, गडदपासून फिक्यापर्यंत ओळीने लावायच्या. पेटी विकत घ्या असं मी म्हणत नाहीये, महाग असते. त्यामागची युक्ती घ्या: पट्ट्या आकाराने, वजनाने, हाताला लागायला सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. लाल बस आणि पिवळं केळं समोर ठेवलं तर मुलाला बस दिसते आणि केळं दिसतं, रंगाकडे त्याचं लक्ष कशाला जाईल?

म्हणून घरात सगळ्यात भारी वस्तू म्हणजे कपड्यांचे चिमटे. सगळे एकाच आकाराचे. आजी दांडीवर कपडे वाळत घालतात तेव्हा चिमट्यांची टोपली त्याच्याकडे द्यायची. सुरुवातीला टोपलीत दोनच रंग ठेवायचे, लाल आणि पिवळा. आजींनी एक लाल चिमटा त्याच्या समोर धरायचा आणि म्हणायचं "अस्साच दे". नाव घ्यायचं नाही. चिमटा दाबायला त्या वयात दोन्ही हात लागतात, जीभ बाहेर येते, चिमटा निसटून उडतो, मुलं त्यातच रमतात. बोटांत ताकद येते ती वेगळीच. दोन रंग हात न अडखळता जमायला लागले की तिसरा टाकायचा.

आमच्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव अजून काढतात ते याचसाठी. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, नंतर कोसबाडला गेल्या, आणि आदिवासी पाड्यांवर मुलांच्या हातात काय दिलं तर पानं, बिया, खडे, शिंपले. विकतचं काही नाही. मुंबईत तर आपल्या घरात कितीतरी जास्त सामान पडलेलं असतं.

भांडुपची_आई:
ताई, किती नीट सांगितलंत, थँक्यू. चिमट्यांचं सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या उद्यापासूनच. आणि ते विचारणं बंद करायचं म्हणजे आधी नवऱ्याला सांगायला हवं, तो घरात आला की चपला काढायच्या आधी विचारतो 😄

लोअर_परळ_टू_विरार:
थोडं वेगळं मत. फ्लॅशकार्ड अगदीच टाकाऊ नाहीत, आमच्या मुलीला आवडायची. आणि नावं इंग्लिशमधूनच शिकवा, पुढे शाळेत तेच लागणार. मराठीतून आधी शिकवलं तर डबल काम होतं.

जुना_गिरगावकर:
डबल काम कसलं. घरात आजी "तांबडा" म्हणते, आई "लाल", शाळेत "रेड", मूल तिन्ही गोळा करतं. आम्ही शाळेत इंद्रधनुष्य "तानापिहिनिपाजा" असं पाठ केलं, तांबडा नारिंगी पिवळा हिरवा निळा पारवा जांभळा, आज सत्तरीतही सांगतो. मुंबईची मुलं चार भाषा ऐकत वाढतात, भय्याकडे भाजी हिंदीत, वाण्याकडे गुजराती, काही बिघडत नाही.

भांडुपच्या सूनबाईंना माझं सांगणं, आजींना त्यांच्याच रंगांत बोलू द्या. डाळिंबी, अबोली, मोरपिशी, आमसुली, श्रीखंडी. आमच्या वेळी लुगड्यांच्या घड्या उलगडताना घरातल्या बायका हेच बोलत असायच्या आणि पोरं मांडीवर पडून ऐकत असायची. डाळिंब फोडलं की डाळिंबी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

लोअर_परळ_टू_विरार:
काका, डाळिंबी-मोरपिशी आवडलं, पण ते पाच वर्षांच्या मुलाला. तीन वर्षांच्या मुलाला आधी लाल आणि हिरवा तरी कळू दे.

बालवाडीवाली:
दोघांचंही बरोबर आहे. ऐकायला सगळे रंग ऐकू देत, खेळात मात्र सुरुवातीला दोन-तीनच ठेवा. आणि ते दोन एकमेकांपासून लांबचे असूद्यात. लाल-केशरी किंवा निळा-जांभळा अशी जोडी पहिल्यांदा घेऊ नका.

रात्रपाळी:
मी बालमानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, दोन गोष्टी सांगते. एक, १८७७ साली चार्ल्स डार्विनने स्वतःच्या मुलांबद्दल लिहिलंय की त्यांना रंगांची नावं नीट सांगता येईनात म्हणून त्याला वाटलं ही रंगांध आहेत की काय. पुढे ती भीती खोटी निघाली. तेव्हा ताई, तुम्ही एकट्या नाही.

दुसरं, वाक्यात रंग कुठे येतो त्यानेही फरक पडतो. मायकल रॅमस्कर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दोन वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर केलेलं काम आहे. "लाल चेंडू" अशा पद्धतीने शिकवलेल्या मुलांमध्ये विशेष सुधारणा दिसली नाही, "चेंडू लाल आहे" अशा पद्धतीने शिकवलेल्यांमध्ये दिसली. कारण साधं आहे. चेंडू म्हटलं की मुलाची नजर आधी चेंडूवर जाते, वस्तू कुठली हा प्रश्न मिटतो आणि मग "लाल" कानावर पडलं की ते त्याच्यातल्या उरलेल्या गोष्टीला जोडतं. अभ्यास मराठीवर नव्हता, पण मला वाटतं आपल्याकडेही करून बघायला काय हरकत आहे. "लाल मोजा आण" ऐवजी "हा मोजा बघ, लाल आहे". फुकटचं आहे, फक्त बोलायची सवय बदलायची.

दोन_मुलांचा_बाप:
हे एकदम पटलं. आपण दिवसभर "पिवळा टीशर्ट घाल, हिरवी बाटली घे" असंच बोलतो आणि मुलाला टीशर्ट आणि बाटली तेवढी कळते.

मोटरमनची_लेक:
माझे बाबा मध्य रेल्वेवर मोटरमन होते, त्यामुळे आमच्या घरी रंग म्हणजे सिग्नल. बाबांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यावर जिलेटीन कागद लावला होता, मागून टॉर्च मारायची. लाल म्हणजे थांब. पिवळा म्हणजे जपून ये, पुढचा लाल असू शकतो. दोन पिवळे म्हणजे पुढे पिवळा असेल, आत्तापासून तयारीत राहा. हिरवा म्हणजे पळ. मी आणि भाऊ बेडरूमपासून किचनपर्यंत गाडी चालवायचो, आई मध्येच पोळी लाटता लाटता "लाल!" ओरडायची आणि आम्ही जागच्या जागी. रंग चुकला की गाडी पुढे जायची आणि सगळं हसू. परीक्षा वगैरे काही नाही, चूक झाली तरी खेळ चालूच. ताई, तुम्ही मुलाला घेऊन भांडुप स्टेशनवर जात असाल ना कधीतरी? प्लॅटफॉर्मच्या टोकाला सिग्नल दिसतो, दोन गाड्या जाईपर्यंत उभं राहा, लाल होतो, पिवळा होतो, हिरवा होतो. असं बदलत राहणारं खेळणं विकत मिळत नाही.

चिऊताई:
आमचा मुलगा मेट्रोचा वेडा. घाटकोपर-वर्सोवा निळी, दहिसर-गुंदवली लाल, दहिसर-अंधेरी पश्चिम पिवळी, भुयारी ती ॲक्वा. नकाशावर बोट फिरवत बसतो. त्याला "ॲक्वा" हा रंग "पोपटी"च्या आधी आला!

भाजीमंडई:
काळी-पिवळी टॅक्सी पण. आता प्रीमियर पद्मिनी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या तरी रंग तोच आहे. सिग्नलला उभं राहिलं की "तू काळ्या-पिवळ्या मोज, मी लाल बसा मोजते", घाटकोपरपासून सायनपर्यंत मूल गप्प.

मला मंडईतला खेळ सुचवायचाय. मुलाला छोटी पिशवी द्यायची आणि म्हणायचं आज आपण हिरवी पिशवी भरायची. मेथी, वाटाणा, भेंडी, कैरी. प्रत्येक वस्तू हिरवी पण प्रत्येकीचा हिरवा वेगळा. घरी आल्यावर पेपरवर ओळीने मांडायच्या. आमच्याकडे वाटाणा आणि भेंडीत कोण जास्त हिरवं यावरून भांडण झालं. दादरचा फुलबाजार तर विचारूच नका, झेंडूच्या दोन राशी, पिवळी आणि केशरी, शेजारी शेजारी. इतक्या जवळचे दोन रंग वेगळे करायला याहून चांगली जागा नाही. फक्त पहाटे जा, नंतर मुलाला घेऊन शिरायची सोय नसते.

सोनचाफा:
आम्ही राजमा, हरभरे, मसूर एकत्र करून मुलीला वाट्यांत वेगळे करायला देतो. छान अर्धा तास रमते. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पण मिळतात, ते तर फारच आवडतात.

तळमजला:
सोनचाफा, प्लीज ते फुगणारे मणी आजच घराबाहेर काढा. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. हे मणी गिळले की पोटात जाऊन पाणी शोषून आणखी फुगतात, आतडं अडतं, आणि साध्या एक्सरेत दिसतही नाहीत. राजमा-हरभऱ्याचंही तीन वर्षांच्या आतल्या मुलाला एकटं सोडून कधीच नाही. नाकात घालतात, कानात घालतात, श्वासनलिकेत अडकलं तर मिनिटांचा खेळ असतो. ताईंकडे आजी एकट्या असतात, गॅसवर दूध ठेवलेलं असतं, तेव्हा मोठ्या वस्तूच बऱ्या. चिमटे, मोजे, डब्यांची झाकणं, बांगड्या (काचेच्या नकोत). मूठ बंद केल्यावर वस्तू बाहेर उरली पाहिजे एवढं बघा.

सोनचाफा:
काढले. थँक्यू.

डोळस:
ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासतो, रंगांधळेपणाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. तीन-चार महिन्यांचं बाळ रंगांतला फरक बघू शकतं. दिसणं आणि नाव सांगणं यात मोठं अंतर असतं, नावं साधारण अडीच ते चार या काळात बसतात. त्यामुळे तीन वर्षांचा मुलगा सगळ्याला निळा म्हणतो एवढ्यावरून काहीही ठरत नाही.

बघायचं ते असं. बालवाडीवाली ताईंची पहिली पायरी, जोडी लावणं, तीच घरगुती चाचणी. मुलगा न बोलता लालाशी लाल आणि हिरव्याशी हिरवा बरोबर लावत असेल आणि फक्त नाव चुकत असेल, तर डोळ्यांचा प्रश्न नाही, शब्द अजून बसले नाहीत एवढंच. पण जोडी लावतानाच परत परत लाल, तपकिरी आणि हिरवा यांची सरमिसळ होत असेल, गुलाबी आणि राखाडी एकच वाटत असेल, झाडाची पानं तपकिरी आणि खोड हिरवं रंगवत असेल, तर दाखवून घ्या. हे दिवसा खिडकीजवळ करा. रात्री पिवळ्या दिव्यात गडद निळा आणि काळा मोठ्या माणसालाही वेगळा ओळखता येत नाही.

लाल-हिरव्याचा दोष मुलांमध्ये जास्त, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाकडे एक्स एकच, तो आईकडून आलेला. आईच्या वडिलांना हा दोष असेल तर आई वाहक (स्वतःला त्रास नसला तरी पुढे देऊ शकणारी) असतेच आणि मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत १२ पैकी १ असं प्रमाण धरतात, आपल्याकडे त्याहून कमी आढळतं. रंगदृष्टी तपासायच्या इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या १९१७ पासून वापरात आहेत, त्यात आकडे असतात, पण आकडे न येणाऱ्यांसाठी बोटाने वाट गिरवायच्या पाट्याही असतात. साधारण चार-पाच वर्षांच्या मुलाची तपासणी भरवशाची होते.

आणि निघालाच दोष तरी आभाळ कोसळत नाही. मोटरमन, पायलट अशा काही नोकऱ्या बंद होतात हे खरं. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी मात्र २०२० मध्ये नियम बदलले, सौम्य आणि मध्यम दोष असेल तर लायसन्स मिळू शकतं. लवकर कळलं तर बाईंना सांगता येतं की खडूंवर नाव लिहा, म्हणजे मूल वर्गात उगाच बोलणी खात नाही.

मोटरमनची_लेक:
बाबांची रंगदृष्टी मेडिकलला दर ठराविक काळाने तपासायचे, जाण्याच्या आदल्या दिवशी ते घरात आमच्या खडूंचे रंग ओळखून दाखवायचे. आम्हाला वाटायचं तेच अभ्यास करतायत.

भांडुपची_आई:
डोळस सर, माझ्या वडिलांना असं काही नाही. आणि काल चिमट्यांत त्याने लाल-पिवळे अगदी बिनचूक वेगळे केले, एकही शब्द न बोलता. आजी ओरडतच आल्या मला सांगायला. हिरवा टाकल्यावरही जमलं. म्हणजे दिसतंय त्याला. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

तरी ॲडमिशनचं टेन्शन आहेच.

दोन_मुलांचा_बाप:
पहिलीच्या ॲडमिशनसाठीसुद्धा मुलाची किंवा पालकांची चाचणी घेऊन गाळणं आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याच्या कलम १३ ला धरून नाही. कुणी तीन वर्षांच्या पोराला रंग विचारून खाली-वर करत असेल तर त्या शाळेचाच विचार परत करा.

हळदीकुंकू:
आजींसाठी एक खास. जुना पांढरा रुमाल हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा, छान पिवळा होतो. मग मुलाच्या हातात साबणाची ओली वडी द्या आणि रुमालावर रेघ ओढायला सांगा. पिवळ्यावर लालसर रेघ उमटते, लगेच, बोटाच्या मागोमाग. मग लिंबाची फोड त्यावर पिळायला द्या, रेघ परत पिवळी. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कलीत रंग बदलतं आणि आंबटात परत येतं. पूर्वी कुंकू हळदीत चुना घालूनच करायचे, आजींना हे माहीत असेलच, त्याच सांगतील गोष्ट रंगवून. गॅलरीत गोकर्णाचा वेल असेल तर फुलं गरम पाण्यात टाका, निळं पाणी, त्यात लिंबू पिळलं की जांभळं. माझी नात तेव्हापासून प्रत्येक गोष्टीवर लिंबू पिळायला मागते, काल आजोबांच्या चहात पिळलं.

जुना_गिरगावकर:
लिंबाने चहा पण फिका होतो, नातीचा प्रयोग बरोबरच आहे!

शिवडीकर:
थोडं मोठ्या मुलांसाठी, पण तीनचं मूलही मजेत बघतं. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत शिवडीच्या जेट्टीला किंवा ऐरोलीच्या खाडीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतात. ठाणे खाडीचा ऐरोलीकडचा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आला. गंमत अशी की रोहितची पिल्लं राखाडी असतात. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन हळूहळू गुलाबी होतात. हे ऐकल्यावर माझ्या पुतणीने आठवडाभर बीट मागून खाल्लं आणि रोज आरशात बघितलं 😄 ओहोटी लागताना जा, चिखल उघडा पडला की पक्षी जवळ येतात. दुर्बीण असेल तर न्या.

भांडुपची_आई:
ऐरोली आम्हाला जवळ आहे, नक्की जाणार. हळदीचा रुमाल सासूबाईंनी आजच भिजत घातलाय, चुना-कुंकवाची गोष्ट त्यांना माहेरपासून माहीत आहे म्हणाल्या. नवऱ्याला पण सांगितलं, त्याने आज आल्यावर विचारलं नाही, "माझे मोजे बघ, काळे आहेत" एवढंच म्हणाला. मुलाने मोजे बघितले आणि म्हणाला "वास येतोय".

चिऊताई:
😂😂😂

भांडुपची_आई:
मोटरमनची_लेक, तुमचा सिग्नल करायचा आहे रविवारी. जिलेटीन कागद कुठे मिळेल? इथल्या दुकानात फक्त लाल आहे.

मोटरमनची_लेक:
क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला स्टेशनरीची दुकानं आहेत, तिथे सगळे रंग मिळतील. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी ऑफिस सुटल्यावर जा. हिरवा थोडा गडद बघून घ्या, फिका घेतला तर टॉर्चच्या उजेडात पांढराच दिसतो. आणि पिवळी भोकं दोन ठेवायला विसरू नका.